आयनॅचरलिस्ट ही जिवांच्या नोंदी करायची साइट वापरून दीड वर्ष झालं, आता रिव्ह्यू लिहितोच

आधी एक कबुली देतो म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. मी स्वतः असलंच एक वेब अ‍ॅप बनवून तोंडावर आपटलेला माणूस आहे. आम्ही तिघं मित्र, तिघंही पुण्यात आयटीत, चार महिने शनिवार-रविवार घरच्यांच्या शिव्या खात बसलो आणि विज्ञानाची आवड लावणारं अ‍ॅप केलं, डोक्यात एवढंच होतं की पोरं दिवसभर रील्स बघतातच ना, मग त्याच पद्धतीने विज्ञान गळी उतरवू. रोज एक "माहितीये का", खाली क्विझ, सलग सात दिवस आलात की बॅज, लीडरबोर्ड, सगळं सगळं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाचा मुहूर्त साधून, लाँच केलं. पहिल्या आठवड्यात ३४० जण आले, त्यातले निम्मे आमचे नातेवाईक. महिन्याभराने ११ उरले. त्या अकरात आम्ही तिघं, आणि चौथी माझी आई, कारण तिला लॉगआउट कुठून करायचं ते सापडत नव्हतं.

डोमेन पुढच्या वर्षी रिन्यू केलंच नाही. नाव पण सांगत नाही, लाज वाटते.

तर आयनॅचरलिस्ट मी वापरायला घेतलं ते निसर्गप्रेम वगैरे म्हणून नाही, खरं सांगायचं तर जळून घेतलं. म्हणजे २००८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांनी मास्टर्सचं शेवटचं प्रोजेक्ट म्हणून केलेली साइट, आणि आज त्यावर २० कोटींच्या वर नोंदी आहेत. आमचं पण वीकेंड प्रोजेक्टच होतं की राव. मग आमचं कुठे चुकलं हे बघायला म्हणून अकाउंट उघडलं आणि आता दीड वर्ष झालं, बंद करता येईना.

ज्यांना अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत: तुम्ही कुठलाही जंगली जीव बघितला, म्हणजे किडा, गवत, बुरशी, पक्षी, काहीही, त्याचा फोटो टाकायचा, कुठे आणि कधी दिसला ते टाकायचं, नाव माहीत असेल तर टाकायचं, नसेल तर तसंच सोडायचं. मग जगातले इतर लोक येऊन सांगतात हे काय आहे. पक्षी-बेडूक-रातकिड्यांचा आवाज रेकॉर्ड करून टाकला तरी चालतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत. बस, एवढंच.

माझी पहिली नोंद म्हणजे आमच्या सोसायटीच्या जिन्यातला पतंग. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली भिंतीवर बसलेला, अंगावर हिरवा-पांढरा-गुलाबी नक्षी, एकदम मिलिटरीच्या कपड्यासारखा. माझी भाची तेव्हा आमच्याकडे राहायला होती, चौथीत आहे, ती म्हणाली मामा हे पान आहे का प्राणी. मला काय माहीत. फोटो काढला, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये ओढून टाकला, तर साइटने आपणहून नाव सुचवलं, डॅफ्निस नेरीआय, इंग्रजीत ओलिअँडर हॉकमॉथ. ओलिअँडर म्हणजे आपली कण्हेर. आणि आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला सगळी कण्हेरच लावलीय! त्या पानावर क्लिक केलं तर अळीचे फोटो होते, हिरवीगार, आणि डोक्याजवळ दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके, खरे डोळे नव्हेत, समोरच्याला घाबरवायला. कण्हेर माणसाला विषारी, गुरं पण तोंड लावत नाहीत, आणि ही बया ती पानं खाऊनच मोठी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कंपाउंडला कण्हेरीच्या फांद्या वर-खाली करत होतो आणि वॉचमन काका विचारत होते काय हरवलंय.

अळी तिसऱ्या दिवशी सापडली. भाचीने सापडवली, मी नाही.

आता इथेच मला आमच्या अ‍ॅपचं आणि याचं अंतर कळलं. आम्ही रोज लोकांना उत्तरं पाठवत होतो, ज्याचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शनीला किती चंद्र आहेत हे मंगळवारी सकाळी पावणेनऊला स्वारगेटच्या बसमध्ये उभ्या माणसाला कशाला हवंय? इथे प्रश्न तुमचा, जिना तुमचा, पतंग तुमचा, आणि उत्तर देणारा कोणीतरी खराखुरा माणूस. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं पण लहानपणी असंच झालं होतं ना, छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, हे काय म्हणून मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग अभ्यासाच्या संस्थेत घेऊन गेले, तिथल्या मिलार्डसाहेबांनी पोराला हाकलून न देता नाव सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सगळा खजिना उघडून दाखवला. पुढचं सगळ्यांना माहितीये. या साइटवर तसले मिलार्डसाहेब हजारोंनी बसलेत, फक्त कोट-टाय नसतो आणि रात्री दीडला पण उत्तर देतात.

पण थांबा, खरी मजा चुकीत आहे. म्हणजे माझ्या चुकीत.

जुलैत एक काळं फुलपाखरू दिसलं, मागच्या पंखांवर लाल-पांढरे ठिपके, छान फोटो मिळाला. साइटने चार-पाच नावांची यादी दिली, वरचं नाव होतं कॉमन रोझ, मी चष्मा पण न लावता ते दाबलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर केरळातल्या कोणीतरी येऊन दुसरं नाव लावलेलं, कॉमन मॉरमॉन, मादी, आणि खाली एकच ओळ, अंगाचा रंग बघा. बस. ना रागावणं ना लेक्चर. फोटो झूम केला, अंग काळं कुळकुळीत. आणि कॉमन रोझचं अंग लाल असतं. मग वाचत बसलो आणि ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

भानगड अशी आहे की कॉमन रोझची अळी ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात त्या वेलीवर वाढते, त्या वेलीतलं विष अंगात साठवते, त्यामुळे फुलपाखरू झाल्यावर पण पक्ष्यांना ते खायला नको वाटतं, एकदा खाल्लं की पुन्हा नाव घेत नाहीत. आणि ही मॉरमॉनची मादी अजिबात विषारी नाही, पण दिसते अगदी तशीच, म्हणजे दुसऱ्याच्या बदनामीवर स्वतःचा जीव वाचवते. त्यातही सगळ्या माद्या असं करत नाहीत, तीन रूपं आहेत, एक नरासारखं दिसतं, एक कॉमन रोझसारखं आणि एक क्रिमझन रोझसारखं. नर बिचारा एकाच रूपात. एका आईची लेकरं वेगवेगळी दिसू शकतात! हे कशामुळे होतं त्यावर २०१४ साली नेचर नावाच्या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला, डबलसेक्स नावाचं एकच जीन, जे किड्यांमध्ये नर का मादी हे ठरवायच्या कामात असतं, तेच या मादीच्या पंखांची नक्कल पण सांभाळतं. आणि त्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं, तर आपल्या पुण्याच्या कृष्णमेघ कुंटेंचं. मी हे सगळं एका चुकीच्या क्लिकमुळे वाचलं. मला बारावीत जेनेटिक्सच्या धड्याला झोप यायची.

दुसरा धक्का म्हणजे मॉरमॉनची अळी काय खाते, तर लिंबू आणि कढीपत्ता. आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. भाचीला फोनवर सांगितलं तर पुढच्या शनिवारी हजर. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं, आई पुसणार होती फडक्याने, तेवढ्यात ते हललं. तीच अळी, लहानपणी शीटेसारखी दिसते म्हणजे कोणी खाणार नाही, मोठी झाली की हिरवी होते. भाचीने रिफिलच्या टोकाने जरासं टोचलं तर डोक्यामागून लाल दोन शिंगं बाहेर काढली आणि आंबट उग्र वास. पोरगी किंचाळली आणि मग परत टोचलं. (तिसऱ्यांदा मी रिफिल काढून घेतली.) पुढे तिचा कोष झाला, काडीला कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून लटकलेला, लोकलमध्ये दांड्याला टेकून उभ्या माणसासारखा, आणि एके दिवशी सकाळी शाळेच्या रिक्षाच्या आधी दहा मिनिटं फुलपाखरू बाहेर. एवढी मादीची गोष्ट पाठ करून बसलो होतो आणि आला नर. असो.

या सगळ्याच्या नोंदी टाकताना एक छोटी गोष्ट शिकलो ती नवीन लोकांनी आधीच शिकून घ्या. कढीपत्त्याचं झाड आपण लावलेलं म्हणून ते "लागवडीतलं" अशी खूण करायची, अळी मात्र आपणहून आलेली म्हणून ती जंगली. कुंडी एकच, नोंदी दोन, नियम वेगळे. ज्यावर लागवडीची खूण असते ते "कॅज्युअल" कप्प्यात जातं. बाकीच्यांचं असं की तारीख, जागा आणि फोटो किंवा आवाज असेल, आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोक एकाच प्रजातीवर सहमत झाले की ती नोंद "रिसर्च ग्रेड" होते. तोपर्यंत "नीड्स आयडी" म्हणून रांगेत. रिसर्च ग्रेड झालेली, आणि इतरांना वापरू देणारं लायसन असलेली, नोंद पुढे जीबीआयएफ नावाच्या जागतिक डेटाबेसला जाते, त्याचं ऑफिस कोपनहेगनला आहे, तिथून शास्त्रज्ञ पेपरसाठी उचलतात. म्हणजे आमच्या जिन्यातला पतंग डेन्मार्कला पोचलाय आणि मी अजून गोव्याच्या पुढे गेलो नाही.

आता डेव्हलपर म्हणून थोडं बोलतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा पॅरा सोडा. साइट जुन्या रुबी ऑन रेल्सवर आहे, मागे पोस्टग्रेस, सर्चला इलॅस्टिकसर्च, एपीआय नोडवर, बरीच पानं रिअ‍ॅक्टची, आणि कोड गिटहबवर उघडा पडलाय, कोणीही वाचा. दिसायला जुनाट वाटते, आमचं अ‍ॅप याच्यापेक्षा दहापट चकचकीत होतं हो. पण यांनी चकाकी घातली नाही तिथे काय केलंय ते बघा. "आयडेंटिफाय" नावाचं एक वेगळं पान आहे, त्यावर दुसऱ्यांच्या अडकलेल्या नोंदी एकामागून एक येतात आणि कीबोर्डवर ए दाबला की सहमत, आय दाबला की नवीन नाव, सी दाबला की कॉमेंट, माऊसला हात लावायची गरज नाही. म्हणजे जो माणूस फुकट मदत करतोय त्याचा वेळ वाचवायला यांनी डोकं लावलंय. आम्ही सगळं डोकं लावलं होतं बॅज गोल असावा का षटकोनी यावर. एपीआय पण उघडा आहे, म्हणजे आपला प्रोग्राम थेट साइटकडून माहिती मागू शकतो, मी एका रविवारी दुपारी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या नोंदींचा महिन्यानुसार चार्ट काढला, चाळीस ओळींचा कोड. कोणी विज्ञानाचं काही बनवायच्या विचारात असेल तर नवीन सोशल मीडिया काढू नका, याच्याच एपीआयवर आपल्या गावापुरतं काहीतरी छोटं करा, माझं ऐका.

फीड म्हणाल तर फॉलो करता येतं, आवडलं तर स्टार देता येतो, पण रील्ससारखं तळ नसलेलं काही नाही. उघडता, तीन लोकांनी काय म्हटलंय ते बघता, एकाशी वाद घालता, बंद करता. फॉलोअर मोजायची कोणाला पडलेली नसते कारण इथे भाव फोटोच्या सौंदर्याला नाही, कामाचा आहे का त्याला आहे. पानाची मागची बाजू दाखवणारा धूसर फोटो इथे गुलाबाच्या पोस्टरपेक्षा भारी.

फोटोतून नाव सुचवणारं जे एआय आहे ते २०१७ पासून आहे. लोक त्यालाच अ‍ॅप समजतात आणि तिथेच फसतात, मी पण फसलो ते वर सांगितलंच. ते शिकतं लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून, त्यामुळे ज्या जातीचे पुरेसे फोटोच नाहीत ती त्याला माहीतच नसते. चिमणी, मैना, जास्वंद, टाकळा असलं काही विचारा, पटकन सांगेल. पण सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, बोटभर उंचीची फुलं, छोट्या माश्या, कोळी यात यादीतलं पहिलं नाव दाबू नका. वरच्या पातळीला थांबा, नुसतं "कोळी" लिहा, "गवत" लिहा, ते पण चालतं, कमीपणा नाही. आता ते जागा पण लक्षात घेतं म्हणून सातासमुद्रापलीकडची नावं पूर्वीपेक्षा कमी येतात, आणि "जवळपास दिसण्याची शक्यता" अशी खूण पण येते.

मतदानाची जी पद्धत आहे तिच्याबद्दल माझं मत जरा वेगळंय. इथे तीस वर्षं गवतावर काम केलेल्या माणसाचं एक मत आणि माझं एक मत सारखंच धरतात. ऐकायला भारी लोकशाही. पण त्यामुळे कोणीतरी नाव लावलं की मागून येणारा धन्यवाद म्हटल्यासारखं "सहमत" दाबतो, स्वतःला काही कळलेलं नसताना, आणि दोन झाले की रिसर्च ग्रेड. मी पण सुरुवातीला केलंय हे, वाटायचं सहमत नाही झालो तर उद्धट दिसेल. तसं करू नका. आभार मानायला कॉमेंट आहे.

आता सरड्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण माझं गाव सातारा. मे महिन्यात चाळकेवाडीच्या सड्यावर गेलो होतो, ते पवनचक्क्यांचं पठार, तिथे दगडावर बसून एक सरडा गळ्याखालचा पंखा उघडत होता, निळा, काळा, केशरी, एवढ्याशा जिवाला काय तो थाट. टाकल्यावर नाव आलं सरडा सुपर्बा. भाचीला वाटलं मी गंमत करतोय, शास्त्रीय नावात सरडा? पण खरंच आहे, २०१६ साली या पंखा-गळ्याच्या सरड्यांचा नवीन वंश वेगळा काढला आणि त्याचं नावच मराठी शब्दावरून सरडा ठेवलं, आणि सुपर्बा ही जात पहिल्यांदा नोंदवली गेली ती याच चाळकेवाडीवरून. पोरगी दोन दिवस सगळ्यांना सांगत होती की लॅटिनमध्ये सरड्याला सरडा म्हणतात. मी दुरुस्त केलं नाही.

त्याच्या पुढे वाचलं तर २०१८ चा अभ्यास सापडला, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांचा, याच पठारावरचा. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी तिकडे फिरकेनासे झाले, म्हणून त्या भागात सरडे वाढले, आणि वाढले म्हणून खायला कमी, अंगाने बारीक, पंख्याचा रंग पण फिका. लहानपणापासून त्या पवनचक्क्या एसटीच्या खिडकीतून बघतोय मी, कधी डोक्यात आलं नाही की खाली सरड्यांचं काय चाललंय.

दुर्मिळ किंवा चोरीला जाणारे जीव, म्हणजे पाळायला म्हणून ज्यांची तस्करी होते ते स्टार कासव वगैरे, त्यांची नेमकी जागा साइट आपोआप लपवते, नकाशावर साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकते. हे मला फार आवडलं. तीच सोय आपल्यासाठी पण आहे आणि लहान मुलं असतील तर ती वापराच: घरातून, गॅलरीतून टाकलेल्या नोंदीची जागा "ऑब्स्क्युअर्ड" करा, नाहीतर तुमचं घर नकाशावर ठिपक्यासकट जगाला दिसतं. तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढायला पालकांची परवानगी लागते, म्हणून आम्ही भाचीच्या नोंदी माझ्याच खात्यात टाकतो. मुलाच्या हातात थेट फोन द्यायचा असेल तर यांचंच सीक नावाचं दुसरं अ‍ॅप आहे, त्यात नाव-गाव काही विचारत नाहीत, कॅमेरा धरला की नाव सांगतं आणि बॅज देतं. (हो, बॅज. आमचा पण षटकोनी होता.) पण सीकमध्ये तो केरळवाला माणूस नाही ना, म्हणून मला ते अळणी वाटतं.

शाळेत एकदम तीस-चाळीस पोरांना हे करायला लावणार असाल तर जपून. एका शाळेत मित्राच्या बायकोने हा प्रयोग केला, पोरांनी पहिल्या तासात एकमेकांचे फोटो काढून "माकड" म्हणून टाकले, आणि उरलेल्यांनी शाळेतल्या कुंड्या. जगभर शाळांमध्ये हेच होतं म्हणे, त्यामुळे ओळखणारे लोक असल्या नोंदींना वैतागलेले असतात. आधी पाच-सहा पोरं घ्या, मैदानाच्या कडेचं गवत द्या, आणि फोटो तुम्ही तपासून टाका. आणि साप दिसला तर फोटोच्या नादात जवळ जाऊ नका, घोणस पोज देत नाही.

एक अगदी व्यवहारातली गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो टाकला तर तारीख आणि जागा रिकामी येते कारण व्हॉट्सअ‍ॅप ती माहिती फोटोतून काढून टाकतं. काकांना सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काका पाठवणार नाहीत, पण सांगा. वेबवर बसून टाकायचा मोठा फायदा म्हणजे ट्रिपचे पन्नास फोटो एकदम ओढून टाकता येतात, एकाच जिवाचे तीन फोटो एका नोंदीत जोडता येतात. सड्यावर, जंगलात रेंज नसते तिथे मात्र फोनवरचं अ‍ॅप लागतं, नोंद करून ठेवा, घरी वायफायवर चढवा.

भाषेचं दुखणं आहे. कॉमेंटा सगळ्या इंग्रजीत, आईला त्यात काही गोडी नाही. जिवांची मराठी नावं कोणीही जोडू शकतं आणि सेटिंगमध्ये मराठी नावं दिसतील असं करता येतं, पण ती भरायची कोणी, तर आपणच. मी थोडी भरली. आणि भरताना कळलं की भांडण किती आहे. आपलं राज्य फुलपाखरू घ्या, ब्लू मॉरमॉन, २०१५ साली जाहीर झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, पण मराठीत राणी पाकोळी म्हणायचं का नीलवंत? मला नीलवंत आवडतं, आईला राणी पाकोळी. गावाकडच्या गवतांना तर वाडीगणिक नाव बदलतं, ती नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहेत तोवर कोणीतरी बसून टाकायला पाहिजेत.

फक्त पक्षी बघणार असाल तर ईबर्ड जास्त शिस्तीचं आहे, फक्त फुलपाखरं असतील तर कुंटेंच्याच गटाची भारतातल्या फुलपाखरांची साइट जास्त खोलात जाते. घरबसल्या आकाश हवं असेल तर २००७ साली सुरू झालेलं गॅलॅक्सी झू, दीर्घिकांचे फोटो बघून आकार सांगायचे, त्यात नेदरलँड्सच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला, हॅनी व्हान आर्केल, एक विचित्र हिरवट ढग दिसला जो कोणीच आधी बघितला नव्हता, तो आता तिच्याच नावाने ओळखतात. आणि असल्या कुठल्याही खास साइटशिवाय पण होतं हं, लॉकडाउनमध्ये हिमाचलच्या चंबा जिल्ह्यात एका एमएस्सीच्या पोराने घराजवळच्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, तो बंगळुरूच्या संशोधकाच्या नजरेला पडला, आणि २०२१ च्या डिसेंबरात कुकरी सापाची नवीन जात म्हणून प्रसिद्ध झाला. तरी इन्स्टावर हजारात एकदा होतं ते इथे रोजचं काम आहे, एवढाच फरक.

२०२५ च्या जूनमध्ये एक राडा झाला होता तो पण सांगतो, गूगलच्या धर्मादाय शाखेकडून जनरेटिव्ह एआयसाठी अनुदान घेतल्याचं यांनी जाहीर केलं आणि जुने ओळखणारे लोक भयंकर चिडले, आमच्या फुकटच्या मेहनतीवर चॅटबॉट शिकवणार का म्हणून. संस्था २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा आहे, पैसा लागतोच, ते समजतं. पण माझं मन त्या चिडलेल्यांच्या बाजूने आहे. अंगाचा रंग बघा, हे त्या माणसाने सांगितलं म्हणून मी चष्मा लावून बघितलं. मशीनने सांगितलं असतं तर बरं म्हणून झोपलो असतो, झोपलोच होतो की आधी.

रेटिंग ५ पैकी ४. अर्धा मार्क मराठीसाठी कापला, त्यातला अर्धा आपल्याच आळसाचा आहे. उरलेला अर्धा त्या "सहमत" बटणासाठी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॉथ वीक, म्हणजे पतंगांचा आठवडा, असतो, गच्चीवर पांढरी चादर बांधायची, मागे बल्ब लावायचा, आणि काय काय येऊन बसतंय त्याचे फोटो टाकायचे, सुरुवात करायला याच्याइतकं सोपं काही नाही, फक्त चादर आईला विचारून घ्या.

कुंडीवर आत्ता अळ्यांची तिसरी बॅच चालू आहे. एक पान शिल्लक नाही. फोडणीला कढीपत्ता बाजारातून येतो, १० रुपये जुडी, आणि तो आणायचं काम माझ्याकडे लागलंय.